रगडा, उठाबशा आणि कोऱ्या चहासारखी लघवी

पोस्ट मोठी आहे. घरात भरतीची तयारी करणारं पोरगं किंवा पोरगी असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्याच्या घरी आहे त्याला पाठवा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा भाचा सेनगाव तालुक्यातला. पोलीस भरतीसाठी एका अकॅडमीत राहत होता. अकॅडमीचं नाव सांगणार नाही, विचारूही नका. हळद शिजवायच्या दिवसांत घरी माणूस कमी पडला म्हणून तो तीन आठवडे गावाकडे आला. परत गेला त्याच सकाळी 'इतके दिवस कुठं होता' म्हणून त्याला रगडा मिळाला. चारशे बैठका, मग बेडूकउड्या, मग ग्राउंडला फेऱ्या. मधे पाणी नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या लाकडासारख्या ताठ झाल्या, संडासला बसता येईना. पोरं हसली. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. सोबतचा म्हणाला, "उन्हाळी लागली असंल, धने-जिऱ्याचं पाणी पी." ते प्यायला. दुखणं थांबावं म्हणून वेदनाशामक इंजेक्शनही घेतलं. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि लघवी जवळजवळ बंद झाली, तेव्हा कुठं ताईला फोन गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी दुसरं काही विचारायच्या आधी लघवीचा रंग विचारला. रक्तात सीपीके नावाची तपासणी केली. निरोगी माणसात हा आकडा साधारण दोनशेच्या आत असतो. याचा ऐंशी हजारांच्या वर निघाला. क्रिएटिनिन साडेतीन. सहा दिवस सलाईन चाललं, डायलिसिसची वेळ आली नाही, पोरगं वाचलं. मी त्याला विचारलं, "अरे, पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?" तो म्हणाला, "मामा, सांगितलं असतं तर म्हणले असते, याच्यात दम नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर इतिहास शिकवला. म्हणून या आजाराचा इतिहास शोधत गेलो. तो शोधताना पुन्हा पुन्हा सैनिक, पोलीस आणि भरतीचं मैदान समोर येत गेलं, आणि शेवटी आपल्याच गावात येऊन पोचलो.

आधी आजार समजून घेऊ. नाव आहे रॅब्डोमायोलिसिस. स्नायूंच्या पेशी फुटतात, एवढाच त्याचा अर्थ. व्यायामानं अंग दुखणं वेगळं, ते दोन-चार दिवसांत जातं. पण सवय नसलेला, एकाच स्नायूवर मारा करणारा व्यायाम एकदम खूप झाला की पेशींची आवरणं फाटतात आणि आतला माल रक्तात सांडतो. त्यात मायोग्लोबिन असतं, स्नायूला लाल रंग देणारं. ते मूत्रपिंडात पोचतं. तिथं केसापेक्षा बारीक नळ्या असतात. तुमच्याकडं ठिबक असेल तर लगेच कळेल. गढूळ पाणी सोडलं की नळीची छिद्रं कशी चोंदतात? तसंच. त्यात शरीरात पाणी कमी असेल तर गाळ जास्तच बसतो. शिवाय फुटलेल्या स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं, आणि ते रक्तात वाढलं की हृदय अचानक थांबू शकतं. भाच्यानं घेतलेल्या इंजेक्शनचंही तेच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी औषधं मूत्रपिंडाकडं जाणारं रक्त कमी करतात. पाणी आटलेल्या अंगात ती घेणं म्हणजे चोंदलेल्या ठिबकचा कॉकही अर्धा बंद करणं.

आता हिंगोली.

आपल्या गावात पलटन आहे, रिसाला आहे, तोफखाना आहे, पेन्शनपुरा आहे. रोज ही नावं घेतो, पण ती का पडली हे नव्या पोरांना विचारलं तर सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकात इथं हैदराबाद कॉन्टिन्जंटची छावणी होती. पैसा निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ती फौज. याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. म्हणजे कयाधूच्या काठावर कवायत करणाऱ्या शिपायांच्या पगारासाठी अकोला-अमरावतीचा महसूल गेला! १९०३ मध्ये कॉन्टिन्जंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी इतिहासजमा झाली. पायदळ गेलं, पलटन हे नाव राहिलं. घोडे गेले, रिसाला राहिला. आणि पुढे याच गावात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आला. परेडचा आवाज या गावाला नवा नाही.

या कवायतीच्या जगात शिक्षेची एक परंपरा आहे. ब्रिटिश लष्करात शिपायाला चाबकानं फोडून काढायची शिक्षा १८८१ मध्ये कायद्यानं बंद झाली. पाठीवर पूर्ण सामान लादून उन्हात तासन्‌तास कवायत करायला लावायची शिक्षा मात्र राहिली. तुरुंगातही तेच. आज जिमला जाऊन पोरं ज्या ट्रेडमिलवर पळतात तिचा पूर्वज कैद्यांसाठी होता. विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८१८ च्या सुमारास तुरुंगासाठी पायऱ्यांचं फिरतं चाक काढलं, कैद्यानं दिवसभर नुसतं चढत राहायचं. इंग्लंडनं १८९८ च्या कायद्यानं ते मोडीत काढलं. आपल्याकडं अंदमानचा कोलू तुम्हाला माहीत आहे. दिवसाला तीस पौंड तेल गाळायचं, बैलाच्या जागी माणूस. कष्ट करून घेणं हा हेतू नव्हताच, माणूस मोडणं हा होता. शरीराला वळण लावणारा व्यायाम आणि शरीर मोडणारी शिक्षा, दोन्हींची हालचाल एकच असते. बैठक ती बैठकच. फरक असतो तो किती, कुणाला, कधी आणि थांबायची मुभा आहे का, यात.

आपल्या तालमीतल्या वस्तादाला हा फरक कळायचा. मायोग्लोबिन हा शब्द त्यानं ऐकलेला नसायचा. पण नवीन पोरगं लाल मातीत उतरलं की पहिल्या दिवशी त्याला पाचशे बैठका कुणी सांगत नसे. पंचवीस-पन्नासपासून सुरुवात, मग महिनोन्‌महिने चढता आकडा, सोबत मालिश, खुराक, झोप. हजार-हजार बैठका मारणारे पैलवान होतेच, पण ते दहा वर्षं मारत आलेले असायचे. भाच्याच्या अकॅडमीनं तालमीचा आकडा घेतला आणि तालमीचा क्रम सोडून दिला.

डॉक्टर लोकांना हा प्रकार समजायला बराच वेळ लागला. १८८१ मध्येच, म्हणजे तिकडं चाबूक बंद झाला त्याच वर्षी, फ्लायशर नावाच्या जर्मन डॉक्टरनं एका सैनिकाची नोंद केली. लांब कूच केली की त्याची लघवी लाल व्हायची. पुढं कळलं की त्यात तळपायाखाली रक्तपेशी चिरडल्या जातात. तो वेगळा प्रकार, बहुधा निरुपद्रवी. पण त्या काळात लाल लघवी म्हणजे रक्त, एवढंच गणित होतं. १९१० च्या सुमारास मेयर-बेट्झ या जर्मन डॉक्टरनं तेरा वर्षांच्या एका मुलाची हकीकत लिहिली. स्नायू दुखतात, अंगात ताकद राहत नाही, लघवी तपकिरी. ही तीन लक्षणं तेव्हापासून वैद्यकाच्या पुस्तकांत एकत्र आहेत. आणि शंभर वर्षांनंतरही ती ओळखली जात नाहीत, 'उन्हाळी' म्हणून धन्या-जिऱ्यावर काढली जातात.

खरी उकल झाली ती लंडनमध्ये, बॉम्बच्या ढिगाऱ्याखाली. १९४०-४१ च्या जर्मन हवाई हल्ल्यांत घरं कोसळायची. तासन्‌तास पाय अडकून पडलेली माणसं बाहेर काढली जायची. बोलायची, चहा मागायची. बघणाऱ्याला वाटायचं, वाचला बिचारा. मग पाय सुजायचा, रक्तदाब पडायचा, लघवी गडद व्हायची, मग थांबायची, आणि आठवड्याभरात माणूस जायचा. हॅमरस्मिथ हॉस्पिटलचे एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी अशा चार रुग्णांचा अभ्यास मार्च १९४१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. शवविच्छेदनात मूत्रपिंडाच्या नळ्यांत तपकिरी गाळ सापडला. पायाला मार, आणि मेलं मूत्रपिंड! तो गाळ स्नायूतून आलेला आहे हे लवकरच सिद्ध झालं. तेव्हा डायलिसिस नव्हतं. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ नावाचा डॉक्टर १९४३ मध्ये पहिलं कामचलाऊ यंत्र बनवत होता, आणि त्या यंत्रावर पहिला रुग्ण वाचायला १९४५ उजाडलं. कोरियाच्या युद्धात डायलिसिस आघाडीजवळ नेलं तेव्हा मूत्रपिंड बंद पडलेल्या जखमी सैनिकांतले मृत्यू, जे दहात नऊच्या आसपास होते, निम्म्यावर आले.

हे वाचताना मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, दगड-मातीच्या जाड भिंती, जवळपास दहा हजार माणसं गेली. आणि आपल्या वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे, जिथं जमिनीतून आवाज येणं लोकांच्या अंगवळणी पडलंय. १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचा धक्का आपण सगळ्यांनीच अनुभवला. आर्मेनियात १९८८ च्या भूकंपात शेकडो लोक ढिगाऱ्यातून जिवंत निघाले आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. त्यातूनच भूकंपग्रस्तांसाठी डायलिसिसची पथकं जगभर पाठवायची व्यवस्था उभी राहिली. आपल्या जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात, अडकलेल्याला बाहेर काढण्याआधीच सलाईन सुरू करायचं असतं, ही ओळ असावी असं मला वाटतं. हा विषय निराळा आहे, पण त्याची गाठ याच आजाराशी आहे, म्हणून सांगून ठेवतो.

ढिगाऱ्याशिवायही तेच घडतं हे सैन्यानं शिकवलं. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलात नव्या रंगरूटांना बसून उड्या मारायला लावायचे, आपल्या बेडूकउड्यांचाच भाऊ. पोरं ढासळायला लागली, लघवी काळी. तिथल्या डॉक्टरांनी या आजाराला त्या उड्यांचंच नाव देऊन टाकलं. वीस-एकवीस वर्षांचे, वैद्यकीय तपासणीत पास झालेले, ठणठणीत तरुण.

आणि मग १९८८. हे प्रकरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते पोलिसांचं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अगावाम नावाच्या गावी पोलीस प्रशिक्षण केंद्र होतं. सप्टेंबरमध्ये पन्नास जणांची तुकडी दाखल झाली. पहिल्याच दोन-तीन दिवसांत जोर, बैठका, धावणं, ओरडणं, अपमान. पाणी पुरेसं नाही. तेरा जण दवाखान्यात गेले, काहींना डायलिसिसवर ठेवावं लागलं. एकाला उष्माघात झाला होता, त्याचं यकृत निकामी झालं, यकृत बदलूनही तो वाचला नाही. उरलेल्यांचं रक्त तपासलं तर जे 'ठीक' म्हणून कवायत करत होते त्यांच्याही रक्तात स्नायू फुटल्याच्या खुणा होत्या. मोठी चौकशी झाली. सरकारी रोगनियंत्रण खात्यानं या घटनेवर अहवाल काढला आणि त्याला न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षी अग्निशमन दलाच्या शारीरिक चाचणीनंतर आजारी पडलेल्या उमेदवारांची माहिती जोडली. पोलीस आणि अग्निशमन. जिथं थांबलो तर नोकरी जाते, अशाच जागा.

२०११ च्या जानेवारीत आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले तेरा खेळाडू एकदम दवाखान्यात गेले. सुट्टीवरून आल्या आल्या वजन खांद्यावर घेऊन शंभर बैठका, वेळ लावून. सगळे वाचले. माझ्या भाच्याची तीन आठवड्यांची हळद आणि त्यांची नाताळची सुट्टी, हिशेब एकच. कालपर्यंत जमत होतं म्हणून आज जमेल, असं स्नायूचं नसतं. आणि हे तर विद्यापीठाच्या संघातले, रोज व्यायाम करणारे खेळाडू. म्हणजे हा आजार कमजोराला होतो असं म्हणायची सोय नाही. उलट ज्याच्यात जिद्द जास्त, तो दुखणं दाबून पुढं रेटतो आणि त्यालाच होतो. आळशी माणूस पन्नासाव्या बैठकीला आडवा होतो आणि वाचतो!

आता महाराष्ट्र. जून २०१४, मुंबई पोलीस भरती. पुरुषांना पाच किलोमीटर धावायचं होतं, विक्रोळीला महामार्गावर, जूनच्या दमट उकाड्यात. राज्याच्या कानाकोपऱ्यातून रात्रभर प्रवास करून आलेली, फुटपाथवर झोपलेली, अर्धपोटी पोरं. काही दिवसांच्या आत किमान चार तरुण गेले. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी अंतर पाचवरून तीन किलोमीटरवर आणलं. पुढं जिल्हा पोलीस शिपायासाठी ते १६०० मीटर झालं. आज त्याला ५० पैकी २० गुण आहेत. राज्य राखीव बलाला मात्र पाच किलोमीटर कायम आहे, १०० पैकी ५० गुण त्याचेच. म्हणजे एका धावण्यावर अर्धी नोकरी. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. जूनच्या अखेरीस ठाणे जिल्ह्यात बाळेगावला राखीव बलाच्या मैदानावर पाच किलोमीटर धावताना जळगाव जिल्ह्यातला एक तरुण कोसळला आणि गेला. त्याच पावसाळ्यात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायाच्या भरतीत पुरुषांना साठ मिनिटांत दहा किलोमीटर ठेवले होते. किमान डझनभर उमेदवार मेले, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी भरती तीन दिवस थांबवून नियम तपासायला घेतले.

बातमीत 'धावताना चक्कर येऊन कोसळला' एवढंच येतं. उष्माघात, हृदय, स्नायू आणि मूत्रपिंड हे सगळे एकाच वावरातले शेजारी आहेत, एकाचा बांध फुटला की पाणी दुसऱ्याच्या शेतात जातं. तापलेल्या अंगात स्नायू फुटतात, स्नायू फुटले की पोटॅशियम वाढतं, पोटॅशियमनं हृदय थांबतं. मैदानावर जो कोसळतो त्याची बातमी होते. जो मैदानातून चालत घरी जातो आणि चौथ्या दिवशी गावाकडं लघवी बंद होऊन पडतो, त्याची भरतीशी गाठच कुणी बांधत नाही. माझ्या भाच्याच्या कागदावरही 'व्यायाम' हा शब्द ताईनं हट्ट केला म्हणून आला.

आणि मेल्यावर अंतर कमी होतं, हा या इतिहासाचा शिरस्ताच दिसतो. मॅसॅच्युसेट्सला एक गेला, मुंबईत चार गेले, झारखंडात बारा गेले, मग कागद हलले.

शाळेचंही बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या १७ व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे. तरी उठाबशा, कोंबडा चालूच. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत एका शाळकरी मुलीला उशिरा आली म्हणून दप्तरासकट शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला, काही दिवसांनी ती मुलगी गेली, गुन्हा दाखल झाला. त्या प्रकरणात मला निकाल द्यायचा नाही. पण 'मारलं तर नाही ना, उठाबशाच तर काढायला लावल्या' असं जे मास्तर लोक म्हणतात, त्यात मीही एके काळी होतो, त्यांनी मांडीचा स्नायू हा शरीरातला सगळ्यांत मोठा स्नायूंचा गठ्ठा आहे हे लक्षात घ्यावं. फुटला तर सगळ्यांत जास्त गाळ तिथूनच येतो. मी वर्गात पन्नास-पन्नास उठाबशा काढायला लावल्या आहेत. कुणाला काही झालं नाही, हे माझं नशीब.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या आपल्या पट्ट्यात सिकलसेलचे वाहक आहेत. वाहक माणूस निरोगी असतो, त्याला पत्ताही नसतो. अमेरिकन लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासल्या, २०१६ ला निष्कर्ष छापून आला. वाहकांमध्ये व्यायामानं स्नायू फुटायचं प्रमाण दीडपट निघालं. मृत्यू मात्र जास्त नव्हते, आणि तिथल्या लष्करात पाण्याचे आणि विश्रांतीचे नियम सगळ्यांनाच सारखे लागू होते. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. कळमनुरी, औंढा, सेनगावकडच्या भरतीच्या पोरांनी ती एकदा करून घ्यावी. वाहक निघाला म्हणून भरती सोडायची नाही, फक्त हळूहळू चढायचं, आणि पाणी.

ऊसतोडीचं इथं फक्त नाव घेतो. निकाराग्वा, एल साल्वाडोरमध्ये ऊस तोडणारे तरुण मजूर मूत्रपिंड निकामी होऊन मेले, आणि तिथल्या संशोधकांचं बोट उन्हातले कष्ट आणि पाण्याची कमतरता यांच्याकडं आहे. आपल्या पोरांना भरती हवी असते ती कोयत्यातून सुटण्यासाठीच. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

अकॅडमीवाल्यांवर माझा राग नाही. त्यातले बरेच स्वतः भरतीत दोन-चार मार्कांनी राहिलेले, नाहीतर फौजेतून आलेले. त्यांना जसं शिकवलं तसं ते शिकवतात. निकाल आले नाहीत तर पुढच्या वर्षी पोरं येत नाहीत, हेही खरं. पण परवाना, तपासणी, पाणी, सावली, प्रथमोपचार यांचं कुणी विचारत नाही. शिकवणीच्या क्लासला फायर ऑडिटची नोटीस येते, ग्राउंडला काय येतं? जिल्हा क्रीडा कार्यालय, आरोग्य विभाग आणि पोलीस अधीक्षक कार्यालय यांनी एकदा या सगळ्या अकॅडमीवाल्यांना बोलावून अर्धा दिवस बसवावं. हिंगोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथल्या कुणा डॉक्टरनं तासभर बोललं तरी पुष्कळ. सांगायचं फार नाही. सुट्टीवरून आलेल्याला पहिला आठवडा निम्मंच द्या. शिक्षा म्हणून बैठका, बेडूकउड्या बंद करा, दुसरी शिक्षा शोधा, झाडू मारायला लावा. सकाळी नऊनंतर उन्हात पळवू नका. जो म्हणतो 'सर, पाय उचलत नाही' त्याला बसू द्या.

आणि पोरांनो, पोरींनो, तुमच्यासाठी. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत दुखणं नेहमीपेक्षा फार जास्त वाटलं, मांडी किंवा दंड सुजून ताठ झाला, आणि लघवी कोऱ्या चहासारखी, कोकसारखी झाली, तर तो उन्हाळीचा प्रकार नाही. त्याच दिवशी दवाखाना. डॉक्टरला स्वतःहून सांगा की इतक्या बैठका मारल्या, या दिवशी. सीपीके, क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासायला सांगा. साध्या लघवी तपासणीत पट्टी 'रक्त' दाखवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी दिसत नाहीत, ही याची जुनी खूण आहे. दुखण्याची गोळी-इंजेक्शन स्वतःच्या मनानं घेऊ नका. वेळेत सलाईन लागलं तर बहुतेकांचं मूत्रपिंड पूर्ण पूर्ववत होतं.

भाचा तीन महिन्यांनी पुन्हा पळायला लागला, आधी चालणं, मग हळू धावणं. त्या भरतीत राहिला. पुढच्या भरतीचा फॉर्म भरलाय. अकॅडमी बदलली.

तुमच्या गावच्या ग्राउंडवर, अकॅडमीत, शाळेत असं कुणाला झालं असेल तर कमेंटमध्ये लिहा. पोराचं नाव नको, अकॅडमीचं नाव तर मुळीच नको. काय करायला लावलं होतं, किती, पाणी मिळालं होतं का, आणि दवाखान्यात कितव्या दिवशी पोचलात, एवढंच लिहा. पन्नास-साठ नोंदी झाल्या तर त्या एकत्र करून, छापून, मी स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देतो.